सायटेशन मोजून मेंदू कळत नाही

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरचं संशोधन कुठून कुठे गेलं, हे सांगायचं झालं की हल्ली एक सोपी वाट धरली जाते. डेटाबेस उघडायचा, विषयाचा शब्द टाकायचा, सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी किती वेळा दाखला दिला त्याच्या, उतरत्या क्रमाने निबंध लावायचे आणि वरचे शंभर उचलायचे. मग त्या शंभरांचे दशकवार, देशवार, उपविषयवार तक्ते. त्यातून निघणारं चित्र साधारण असं असतं: सत्तर-ऐंशीच्या दशकांत बेशुद्धी मोजायच्या पट्ट्या आणि कवटीतला दाब, नव्वदीत उंदरांचे मेंदू आणि पेशींमधली रसायनं, दोन हजारनंतर मोठ्या चाचण्या, युद्धावरून परतलेले सैनिक, खेळाडू आणि मार खाल्लेल्या मेंदूत साचणारं टाऊ प्रथिन. इथवर हरकत नाही. भांडण पुढे सुरू होतं. एक बाजू म्हणते, संशोधन आयसीयू सोडून मैदानावर आणि प्रयोगशाळेत पळालं, गंभीर रुग्ण वाऱ्यावर पडला. दुसरी म्हणते, हीच प्रगती, कारण आता कुठे मूळ यंत्रणा हाताला लागते आहे. दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते: ज्याचं नाव जास्त घेतलं गेलं, त्याने जास्त फरक पाडला. हे गृहीतकच लंगडं आहे. या क्षेत्रात रुग्णाचं नशीब बदलणारी बरीच कामं ‘हे करू नका’ असं सांगणारी होती, किंवा इतकी साधी होती की ती अंगवळणी पडली आणि त्यांचा दाखला द्यायची गरजच उरली नाही. याद्यांमधून नेमकी हीच निसटतात.

सायटेशनची बाजूही भक्कम आहे, ते आधी कबूल करू. अशी कुठलीही यादी काढा, ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांचा १९७४चा लॅन्सेटमधला निबंध, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, तिच्यात वर असणारच आणि तो मान त्याचाच आहे. त्याआधी ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीत’, ‘खोल बेशुद्ध’ असे शब्द चालत आणि प्रत्येक डॉक्टरचं ‘अर्धवट’ वेगळं असे. डोळे, बोलणं आणि हालचाल या तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा, हे सांगितल्याने रात्रपाळीची नर्स आणि सकाळचा सर्जन एकाच भाषेत बोलू लागले. पुढच्याच वर्षी जेनेट आणि मायकेल बाँड यांनी रुग्ण शेवटी कितपत सावरला हे मोजणारी ग्लासगो आउटकम स्केल दिली. या दोन पट्ट्या नसत्या तर पुढची एकही मोठी चाचणी उभी राहिली नसती. तेव्हा सायटेशन निव्वळ आवाज मोजतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

पण मोजपट्टीला मिळालेलं सायटेशन आणि शोधाला मिळालेलं सायटेशन एकाच तराजूत कसं घालायचं? जीवरसायनशास्त्रात याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१चा, द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत सांगणारा निबंध तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला. म्हणून तो शतकातला सर्वांत थोर शोध ठरला का? तो सगळ्यांना लागणारं एक चांगलं माप होता, इतकंच. दुसरीकडे, एखादी गोष्ट सर्वमान्य झाली की तिचा दाखला देणं थांबतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या विरून जाण्याला वेगळं नावच दिलं होतं. त्यात वयाचा साधा हिशोब मिळवा: १९७४च्या निबंधाला दाखले गोळा करायला पन्नास वर्षं मिळाली, २०१९च्या निबंधाला जेमतेम काही. आणि दाखले पडतात कुठे, तेही बघा. दरवर्षी जगात अंदाजे ६ कोटी ९० लाख लोकांना अशी इजा होते, हा आकडा शेकडो निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात येतो. पुढच्या मजकुराचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही. देवाला नमस्कार करून कामाला लागावं, तसं ते असतं.

आणखी एक गंमत. ग्लासगो कोमा स्केलचा एवढे दाखले मिळालेला निबंध जे सांगतो, ते त्याचे दाखले देणारे करतातच असं नाही. १९७४च्या मूळ मांडणीत हालचालीच्या पाचच पायऱ्या होत्या, सहावी नंतर आली. आणि तिन्हींची बेरीज करून एकच आकडा लिहायचा, हा मूळ हेतू नव्हता. आज मात्र केसपेपरवर ‘जीसीएस ८’ एवढंच दिसतं. एक रुग्ण घ्या. पापण्या सुजून मिटल्या आहेत म्हणून डोळ्यांचा १, घशात नळी आहे म्हणून बोलण्याचा १, पण ‘दोन बोटं दाखवा’ म्हटलं की दाखवतो म्हणून हालचालीचे ६. बेरीज ८. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण बोटाच्या नखावर दाब दिला तर डोळे उघडतो, नुसते कण्हल्यासारखे आवाज काढतो, हात मागे ओढतो: २, २ आणि ४. याचीही बेरीज ८. पहिल्याच्या मेंदूला सूचना कळते आहे, दुसऱ्याच्या नाही. तरीही ‘आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर’ या नियमाने दोघे एकाच चाचणीत, एकाच गटात जाऊन बसतात. म्हणून जे तपासता आलं नाही तिथे १ न लिहिता ‘तपासता आलं नाही’ असंच लिहावं आणि तीन आकडे सुटे लिहावेत, हे पट्टीच्या कर्त्यांनाच पुन्हापुन्हा सांगावं लागलं. २०१४च्या सुधारणेत ‘वेदना’ हा शब्द जाऊन ‘दाब’ आला आणि २०१८मध्ये डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया हिशोबात घेणारी जोडपट्टी आली. मूळ निबंधाच्या तुलनेत या दुरुस्त्यांचं नाव कोण घेतं?

आता ‘हे करू नका’वाल्यांकडे येऊ, कारण माझ्या मते या क्षेत्राचा खरा इतिहास तिथे आहे.

साठच्या दशकात दिसलं की मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टिरॉइडने झपाट्याने उतरते. सूज ती सूज, या हिशोबाने मार लागलेल्या मेंदूलाही स्टिरॉइड सुरू झालं. वस्तुतः दोन सुजा सारख्या नाहीत. गाठीभोवती प्रामुख्याने रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. मार लागल्यावर पुष्कळदा पेशी स्वतःच फुगतात. तीसेक वर्षं हा उपचार कुठे दिला गेला, कुठे नाही. तोवरच्या सगळ्या चाचण्या मिळून रुग्ण होते सुमारे दोन हजार, आणि तेवढ्यांतून फायदाही सिद्ध होत नव्हता, तोटाही. मग ‘क्रॅश’ नावाची मोठी चाचणी झाली. ठरवले होते २० हजार रुग्ण. १०,००८वर, मे २००४मध्ये, ती थांबवावी लागली. ४८ तास मेथिलप्रेडनिसोलोन मिळालेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के रुग्ण दगावले होते, नुसती सलाइनसारखी निष्क्रिय बाटली मिळालेल्यांत १७.९ टक्के. दर शंभरामागे तीन जादा मृत्यू. लहान चाचणीत हा फरक योगायोगात सहज बुडाला असता. तो दिसायला दहा हजार माणसं लागली. या एका निबंधाने जगभर किती जीव वाचवले असतील, याचा अंदाज त्याच्या दाखल्यांवरून करता येईल? ज्या वॉर्डातून स्टिरॉइड गेलं, तिथला आजचा निवासी डॉक्टर ते द्यायचा विचारही करत नाही, मग दाखला कशाला देईल?

वैद्यकाला हे नवं नाही. १८३५मध्ये पॅरिसच्या पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांची मोजदाद करून दाखवलं होतं की रक्त काढण्याचा फायदा समजला जातो त्याच्या जवळपासही नाही. रक्त काढणं त्यानंतरही कित्येक दशकं चालू राहिलं. नवा उपचार सांगणाऱ्याचं नाव होतं, जुना बंद करणाऱ्याचा पुतळा क्वचितच उभारला जातो.

मेंदूच्या इजेत अशी रांगच आहे. व्हेंटिलेटरवर श्वासाचा वेग वाढवायचा, कार्बन डायऑक्साइड उतरवायचा, रक्तवाहिन्या आकसतात, कवटीतला दाब पडतो. मॉनिटरवर आकडा सुधारलेला बघून समाधानही वाटायचं. पण आकसलेल्या वाहिनीतून रक्तही कमी जातं, आणि पहिल्या चोवीस तासांत मेंदूचा रक्तपुरवठा आधीच रोडावलेला असतो. मुइझेलार आणि सहकाऱ्यांच्या १९९१च्या चाचणीत, सरसकट असा वेगवान श्वास दिलेल्या रुग्णांची प्रगती तीन आणि सहा महिन्यांवर मागे पडलेली आढळली. पुढची गोष्ट शरीर थंड करण्याची. २००१ची अमेरिकेतली चाचणी, २०१५ची युरोथर्म, २०१८ची पोलर: कुठेच फायदा नाही, युरोथर्म तर तोट्याच्या शंकेने लवकर थांबवली. आल्ब्युमिन हा रक्तातल्या प्रथिनाचा, शिरेतून दिला जाणारा आणि तसा निरुपद्रवी समजला जाणारा द्रव. त्याच्या सेफ चाचणीतल्या ४६० मेंदू-इजा रुग्णांत दोन वर्षांअखेर मृत्यू ३३.२ टक्के, साध्या सलाइनवर २०.४. या सगळ्यांत धडा एकच: कवटीतला दाब किंवा तापमान हा आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर प्रयोगशाळेच्या बाजूने जो प्रतिवाद येतो तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, उपचार फसले याचा अर्थच असा की यंत्रणा कळली नव्हती. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधला रक्तस्राव, आवरणाखालचा रक्तस्राव, मेंदूतच झालेला ठेचका आणि फिरकी बसून ताणले-तुटलेले चेतातंतू, हे चार वेगळे आजार तुम्ही एका नावाखाली कोंबता आणि एकच औषध देता. ते लागू कसं पडणार? प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं उदाहरण त्यांच्या बाजूचं आहे. उंदरांत उत्तम, दोन छोट्या मानवी चाचण्यांत आशादायक, आणि २०१४मध्ये ८८२ आणि १,१९५ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांत काहीही नाही. म्हणून मेंदूला इजा झाली की रक्तात वाढणारी जीएफएपी आणि यूसीएच-एल१ यांसारखी निर्देशक प्रथिनं, एमआरआय, १८ देशांतल्या साडेचार हजार रुग्णांची सेंटर-टीबीआय नोंद, आणि २०२५मध्ये मांडलेली, तपासणी-रक्तनिर्देशक-स्कॅन-इतर घटक अशा चौकटीतली नवी वर्गवारी. ‘सौम्य, मध्यम, गंभीर’ ही तीन खणांची पेटी मोडायलाच हवी होती.

हे मान्य. पण यातून ‘आधी यंत्रणा, मग उपचार’ हा क्रम सिद्ध होत नाही. प्रोजेस्टेरॉनची यंत्रणा कागदावर कुणाहीपेक्षा जास्त तपशिलात मांडलेली होती. प्रयोगशाळेत उंदराच्या उघड्या मेंदूवर ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या खोलीचा दट्ट्या मारला जातो. प्राणी तरुण, बहुधा नर, निरोगी, आणि औषध मिनिटांत दिलेलं. रुग्णालयात येणारा माणूस कोण? सेंटर-टीबीआयमध्ये वयाचा मध्यबिंदू पन्नास होता आणि कारणांत पडणं सर्वांत वर. म्हणजे पुष्कळ जण आधीच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर, रक्तदाब-मधुमेह असलेले. कवटीचं हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या चाचण्यांनीही हाच घोटाळा केला: डेक्रामध्ये १५ ते ५९ वयाचेच रुग्ण, रेस्क्यू-आयसीपीमध्ये १० ते ६५. म्हाताऱ्या मेंदूबद्दल आपण तरुणांच्या पुराव्यावर बोलतो. यंत्रणेच्या निबंधांना दाखले भरपूर मिळतात, कारण यंत्रणेवर काम करणारे एकमेकांचे दाखले देतात. त्यात लबाडी काही नाही. ज्या विषयात लिहिणारे जास्त, त्या विषयात मोजणीही जास्त.

कवटीचं हाड काढून मेंदूला फुगायला जागा करून द्यायची शस्त्रक्रिया बघा, म्हणजे नुसता दाखल्याचा आकडा किती फसवा ते कळेल. डेक्रा (२०११, १५५ रुग्ण) आणि रेस्क्यू-आयसीपी (२०१६, ४०८ रुग्ण) दोन्ही भरपूर उद्धृत होतात, आणि वादात एक गट पहिला फेकतो, दुसरा गट दुसरा. वास्तविक प्रश्नच वेगळे होते. डेक्रात कवटीतला दाब तासाभरात १५ मिनिटं २०च्या (मिलिमीटर पाऱ्याच्या) वर गेला की शस्त्रक्रिया, म्हणजे फार लवकर. दाब उतरला, पण सहा महिन्यांनी वाईट अवस्थेतले शस्त्रक्रियेच्या गटात ७० टक्के, दुसऱ्यात ५१. त्यातही शस्त्रक्रियेच्या गटात बाहुल्या प्रतिसाद न देणारे रुग्ण सुरुवातीलाच जास्त होते, २७ विरुद्ध १२ टक्के. तो फरक वजा केला तर निष्कर्ष ढिला पडतो. रेस्क्यू-आयसीपीत दाब २५च्या वर किमान तासभर राहिल्यावर, औषधं संपल्यावर, शेवटचा उपाय म्हणून शस्त्रक्रिया. मृत्यू ४८.९वरून २६.९ टक्क्यांवर. केवढं यश! पण पुढचा हिशोब वाचा. दर शंभर शस्त्रक्रियांमागे जे २२ जादा वाचले, त्यांतले ६ कायम जाणीवशून्य अवस्थेत, ८ घरातल्या घरातही परावलंबी, ८ निदान घरात स्वतःचं बघू शकणारे. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभ्या नातेवाइकांना सांगायचं ते हे तीन आकडे. ‘वाचण्याची शक्यता दुप्पट’ असं काही नव्हे. निबंध किती वेळा उद्धृत झाला यापेक्षा ६-८-८ हे आकडे किती संमतिपत्रांवर पोचले, हे कुणी मोजलं तर तो खरा प्रभाव.

आता खेळाडूंचा प्रश्न. ‘मैदानावर पळालं’ म्हणणाऱ्यांची तक्रार मला अर्धीच पटते. मुष्टियोद्धे ठोसे खाऊन बधिर होतात हे हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८मध्येच लिहिलं होतं. बेनेट ओमालू यांनी २००५मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या मेंदूचं वर्णन छापेपर्यंत मधली पंचाहत्तर वर्षं विषय बहुतेक झोपलेला होता. प्रसिद्धीमुळेच नियम बदलले, शंका आली तर खेळाडू बाहेर, ही शिस्त आली. हा जमाखर्चातला मोठा जमा. पण २०१७च्या, १११ व्यावसायिक खेळाडूंपैकी ११० मेंदूंत वारंवार मार बसल्याने होणारा ऱ्हासाचा आजार सापडला, या निबंधाचं काय झालं? लेखकांनी स्वतः बजावलं होतं की हे दान केलेले मेंदू आहेत, आणि ज्याच्यात लक्षणं दिसली त्याचंच कुटुंब दान करायला पुढे येण्याची शक्यता जास्त. बातम्यांत मात्र ‘९९ टक्के’ उरले. विहिरीतून पोहऱ्यात आलं तेवढंच पाणी मोजून विहीर मोजली. याच्या शेजारी २०१९चं स्कॉटलंडचं काम ठेवा: ७,६७६ माजी फुटबॉलपटू (इथे आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल), समाजातले त्यांच्याच जोडीचे २३,०२८ लोक. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू १.७ टक्के विरुद्ध ०.५. इथे भाजक आहे, म्हणजे एकूण किती जणांपैकी हे माहीत आहे. धोका खरा आहे, साडेतीन पटींच्या घरात आहे, आणि नव्व्याण्णव टक्के तर नाहीच. सैनिकांच्या बाबतीतही तसंच. चार्ल्स होग यांच्या २००८च्या अभ्यासात इराकहून परतलेल्यांमधल्या सौम्य इजेच्या बऱ्याचशा शारीरिक तक्रारींमागे नैराश्य आणि आघातोत्तर मानसिक ताण निघाला. हा निबंधही खूप गाजला, तरी ‘युद्धाची ओळखचिन्ह इजा’ हा शब्दप्रयोग त्याहून जास्त टिकला.

मग सायटेशन सोडून मोजायचं काय? पलंगाशी, रुग्णवाहिकेत आणि रस्त्यावर कृती बदलली का, एवढंच. रँडल चेसनट यांचा १९९३चा निबंध घ्या. गंभीर इजेच्या ७१७ रुग्णांच्या नोंदींतून दिसलं की वरचा रक्तदाब एकदा जरी ९०च्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. मार एका क्षणाचा असतो. दुसरा घाव नंतरच्या तासात, रक्तदाब आणि ऑक्सिजन पडल्यामुळे बसतो, आणि तो टाळता येतो. आज मार्गदर्शक सूचनांत हा उंबरठा १५ ते ४९ वयासाठी ११०, ५० ते ६९साठी १०० आणि त्यापुढे पुन्हा ११० आहे. यात ना नवं रेणू, ना नवं यंत्र.

ह्यू केर्न्स तर याद्यांत शोधूनही सापडणार नाहीत. १९३५मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटारसायकलवरून पडून सहा दिवसांनी गेले, तेव्हा उपचार करणाऱ्यांत हे तरुण न्यूरोसर्जन होते. १९४१मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मोजणी छापली: युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना सातच सापडले, आणि सातही वाचले. आजच्या कुठल्याही समीक्षकाने ‘नमुना अपुरा’ म्हणून निबंध परत पाठवला असता. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८मध्ये सांगतो की हेल्मेटने डोक्याची इजा ६९ टक्क्यांनी आणि मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतो. आयसीयूतल्या कुठल्या औषधाने इतकं केलं आहे? रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या क्रॅश-३ चाचणीत (२०१९, १२,७३७ रुग्ण) तीन तासांच्या आत औषध मिळूनही एकूण फरक १९.८वरून १८.५ टक्के, तोही योगायोगाच्या कक्षेत. सौम्य-मध्यम इजेत मात्र फायदा दिसला. औषधांच्या बाजूने दाखवण्यासारखा पुरावा शोधायला गेलं तर आजमितीला हाती लागतो तो एवढाच.

आणि अ‍ॅरिझोनातला एपिक प्रकल्प, ज्याचा निकाल २०१९मध्ये आला. तिथे राज्यभरच्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना तीनच गोष्टी घोकवल्या: ऑक्सिजन पडू देऊ नका, रक्तदाब पडू देऊ नका, श्वास देणारी बॅग जोरजोरात दाबू नका. सगळे रुग्ण एकत्र धरले तर मृत्यूत फरक दिसला नाही, आणि टीकाकार हे वाक्य आवर्जून पुढे करतात. गंभीर गटात मात्र वाचण्याची शक्यता दुप्पट झाली, आणि त्यांतल्या श्वासनळीत नळी घातलेल्यांत तिप्पट. गचके खात धावणाऱ्या गाडीत, घाबरलेल्या माणसाचा हात बॅग मिनिटाला पंचवीस-तीस वेळा दाबतो. त्या हाताला मोठ्या माणसासाठी मिनिटाला दहा, म्हणजे दर सहा सेकंदांना एकदा, हे शिकवावं लागलं. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब.